चळवळीची वाणी आणि तिचा श्रोता

वक्तृत्व म्हटलें म्हणजे सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें बहुधा एक ठराविक चित्र उभें राहतें. उंच व्यासपीठ, त्यावर डेमॉस्थेनीस, सिसरो किंवा बर्क यांच्या तोलाचा कोणी वक्ता, आणि समोर त्याच्या एकेका वाक्यावर मान डोलविणारी सभा. महाविद्यालयांतील वक्तृत्वाच्या स्पर्धा याच चित्रावर बेतलेल्या असतात, आणि वक्तृत्वशास्त्रावरील पाठ्यपुस्तकेंही बहुधा त्याच धाटणीचीं असतात. ॲरिस्टॉटलनें आपल्या ग्रंथांत भाषणाचे तीन प्रकार सांगितले : न्यायासनापुढील, लोकसभेंतील आणि समारंभांतील. या तिन्हींत श्रोता हा एक तर निवाडा करणारा असतो, नाहीं तर प्रेक्षक असतो. वक्त्याला बोलण्याचा अधिकार आहे, श्रोत्याला ऐकून निर्णय देण्याचा अधिकार आहे, आणि दोघेही एकाच नगराचे नागरिक आहेत, ही गोष्ट त्यांत गृहीतच धरलेली असते.

ही शिदोरी घेऊन एखादा विद्यार्थी जेव्हां सामाजिक चळवळींच्या इतिहासाकडे वळतो, तेव्हां पहिल्याच मुक्कामाला त्याची पंचाईत होते. ज्यांना देवळाच्या व शाळेच्या पायरीवर उभें राहूं देत नसत, ज्यांच्या बोलण्याची दखल घेण्याचें कारण कोणाला वाटत नसे, ज्यांची भाषा ग्रंथांत येण्यास अयोग्य मानली जाई, अशा माणसांनीं बोलावयास आरंभ तरी कसा केला, हें त्याच्या पाठ्यपुस्तकांत सांपडत नाहीं. १८४८ पासून १९३६ पर्यंतचा महाराष्ट्राचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. या अवधींत येथील चळवळींची भाषा पुष्कळ बदलली. पण त्याहूनही मोठा बदल झाला तो तिच्या श्रोत्यांत. कोण बोलतो या प्रश्नाइतकाच कोणाला उद्देशून बोलतो हा प्रश्न हातीं धरला, म्हणजे या बदलाची वाट स्पष्ट दिसूं लागते.

आरंभ करावयाचा तो लोकहितवादींपासून. गोपाळ हरि देशमुख यांनीं १८४८ ते १८५० या काळांत मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकांत ‘लोकहितवादी’ या टोपणनांवानें एकशें आठ पत्रें लिहिलीं. तीं लिहावयास लागले तेव्हां त्यांचें वय अवघें पंचवीस होतें. पण पत्रांचा सूर घरांतील वडीलधाऱ्या माणसाचा आहे. आळस, अज्ञान, पोकळ पाठांतर, बालविवाह, विधवांचे हाल या सर्वांवर त्यांनीं निर्भयपणें कोरडे ओढले, आणि ते ओढतांना स्वतःच्या ब्राह्मण जातीला मुळींच सोडलें नाहीं. हें धाडस लहान नव्हतें. तरीही विद्यार्थ्यानें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या पत्रांत कुणबी येतो, शूद्र येतो, विधवा येते. पण पत्र त्यांना लिहिलेलें नाहीं. लिहिणारा शिकलेला आणि वाचणाराही शिकलेला. ज्यांच्या दुःखाचा प्रश्न आहे ते या संभाषणाचा विषय आहेत, त्यांतील पक्षकार नाहींत.

हीच गोष्ट विधवाविवाहाच्या वादांत अधिक ठळकपणें दिसते. १८५६ सालीं विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. मुंबईस १८६५ मध्यें पुनर्विवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली, आणि विष्णुशास्त्री पंडित यांनीं ईश्वरचंद्र विद्यासागरांचा या विषयावरील ग्रंथ मराठींत आणला. पुढें १८७० मध्यें पुण्यास शंकराचार्यांच्या समक्ष या प्रश्नावर मोठी शास्त्रीय सभा भरली. वचनांवर वचनें, टीकांवर टीका, अर्थांवर अर्थ यांचा खल कित्येक दिवस चालला, आणि अखेर निर्णय विधवाविवाहाच्या विरुद्ध लागला. सुधारकांच्या बाजूस विद्वत्ता कमी होती असें नाहीं. परंतु शास्त्राच्या आधारानें बोलावयाचें ठरविलें, कीं शास्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्यांच्या हातीं आहे त्यांनाच न्यायाधीश मानावें लागतें. या पद्धतीचा उपयोगही झाला, हें नाकारतां येणार नाहीं. परंपरा न सोडतां पुनर्विवाह करावा असें ज्यांना वाटत होतें त्यांना तिनें धीर दिला. पण जिच्या कपाळचें कुंकू पुसलें गेलें होतें, ती त्या सभेंत नव्हती. तिला कोणी विचारलें नाहीं, आणि विचारावयास हवें असेंही फारसें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

या सभेच्या पंधरा वर्षें आधीं एक वेगळाच आवाज उमटून गेला होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास काढलेल्या शाळांपैकीं एका शाळेंत शिकणाऱ्या मुक्ताबाई नांवाच्या मांग जातीच्या मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. तिचें वय त्या वेळीं सुमारें चौदा वर्षांचें होतें. पेशवाईंतील जुलमाच्या गोष्टी, उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल, आणि वेद जर आमचे नव्हेत तर आमचा धर्म कोणता, हा देवाला विचारलेला प्रश्न, असें त्या छोट्या लेखाचें स्वरूप आहे. अलंकारशास्त्राच्या नियमानें त्याची परीक्षा करावयास बसलें तर फारसें हातीं लागत नाहीं. त्याचें सामर्थ्य ‘आम्ही’ या एका सर्वनामांत आहे. आजवर जे ‘ते’ होते, ते येथें प्रथमच ‘आम्ही’ म्हणून बोलूं लागले. आणि लेखाच्या अखेरीस ती मुलगी विद्वानांकडे पाठ करून आपल्याच लोकांकडे वळते. ज्ञान हेंच या दुखण्यावर औषध आहे, तें घ्या, असें त्यांना विनविते. वक्ता बदलला त्याच क्षणीं श्रोताही बदलला, हें येथें अगदीं स्वच्छ दिसतें.

हा नवा श्रोता घडविण्याचें काम जोतीराव फुल्यांनीं आयुष्यभर केलें. त्यांच्या लेखनाचा विचार करतांना विद्यार्थ्यानें त्यांच्या मतांइतकेंच त्यांच्या रचनेकडे लक्ष द्यावें. १८७३ मध्यें प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ ही संवादाच्या रूपानें लिहिलेली आहे. जोतीबा सांगतो आणि धोंडिबा विचारतो. धोंडिबा हा नुसता होकार देणारा श्रोता नव्हे. तो शंका काढतो, अडतो, पुन्हा विचारतो. ज्या माणसाला पिढ्यान् पिढ्या केवळ ऐकून घेण्याची सवय लावलेली आहे, त्याला प्रश्न विचारावयास शिकविणें हाच या रचनेचा खरा हेतु आहे. धोंडिबाच्या जागीं वाचक स्वतःला ठेवतो, आणि पुस्तक संपेपर्यंत विचारण्याची थोडीफार संवय त्यालाही लागते. त्याच वर्षीं २४ सप्टेंबरला पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. या समाजाचें नांवच मुळीं शोध करणाऱ्याचें आहे, शोध लागलेल्याचें नव्हे.

‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेंतील निग्रो लोकांना दास्यांतून सोडविण्यासाठीं झटणाऱ्या तेथील सज्जनांना उद्देशून आहे. पुण्यांतल्या एका माळ्याच्या मुलानें महासागरापलीकडे हांक मारावी, यांतही एक युक्ति आहे. आपलें दुःख गांवकुसाच्या आंतलें, जातीपुरतें, नशिबाचें आहे असें जो मानीत आला, त्याला जगांत याच जातीचें दुःख दुसरीकडेही होतें व तें माणसांनींच दूर केलें, असें दाखवून दिलें म्हणजे नशिबाची गांठ सैल होते.

फुल्यांची भाषा एकच नव्हती, हेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे. १८८२ मध्यें हंटर आयोगापुढें त्यांनीं जें इंग्रजी निवेदन ठेवलें, त्याचा रोख शांत व व्यवहारी आहे. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, मग शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांवरच कां, आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें कां नसावें, असा त्यांतील सवाल आहे. तेथें श्रोता राज्यकर्ता होता, म्हणून भाषा हिशेबाची. पुढच्याच वर्षीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत मात्र शेतकऱ्याच्या घराचें, अंगणाचें, भांड्याकुंड्यांचें, कर्जाचें आणि काळजीचें वर्णन इतकें बारकाईनें आलें आहे, कीं ऐकणाऱ्या कुणब्याला आपलेंच घर दिसावें. या ग्रंथाचे भाग त्यांनीं पुणें, मुंबई, ठाणें, जुन्नर अशा ठिकाणीं लोकांना वाचून दाखविले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनींही त्याचें वाचन ऐकलें. समग्र ग्रंथ त्यांच्या हयातींत छापला गेला नाहीं. ज्या समाजांत शंभरांत पांचांनाही वाचतां येत नव्हतें, तेथें पुस्तक हें प्रथम कानासाठीं लिहावें लागतें. लांबच लांब वाक्यें, एकामागून एक येणारे तपशील, मध्येंच येणारा संताप, हे छापील पानावर दोष वाटणारे प्रकार मोठ्यानें वाचले असतां निराळेच भासतात.

त्या काळच्या विद्वानांना मात्र ते दोषच वाटले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाले’ंत फुल्यांच्या भाषेची व व्याकरणाची भरपूर टर उडविली. चिपळूणकरांच्या गद्याचें मराठीवरील ऋण मोठें आहे, आणि त्यांची विनोदबुद्धि तीक्ष्ण होती, यांत शंका नाहीं. पण सभ्य भाषा कोणती हें ठरविण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आयता आला, त्यांनीं त्याच मापानें इतरांचें दुःखही मोजावें, हा येथला खरा प्रश्न आहे. १८८५ मध्यें न्यायमूर्ति रानड्यांच्या खटपटीनें ग्रंथकारांची सभा भरावयाची होती, तेव्हां फुल्यांनीं निमंत्रण नाकारलें. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, कीं ज्यांच्या ग्रंथांत आमच्या हक्कांचा मागमूस नाहीं त्यांच्या सभांशीं आमच्या सभांचा मेळ बसणार नाहीं. कोणत्या सभेंत बोलूं नये, हेंही चळवळीच्या वक्तृत्वाचें एक अंग असतें.

येथें विद्यार्थ्यानें एक सावधगिरी बाळगावी. प्रभावी वाणी आणि खरा इतिहास या दोन वस्तु सर्वदा एक नसतात. आर्य भट्ट बाहेरून आले आणि त्यांनीं येथील बळीचें राज्य कपटानें हिरावलें, या कथेवर फुल्यांनीं आपली पुष्कळशी मांडणी उभारली. दशावतारांच्या पुराणकथांचा त्यांनीं लावलेला अर्थ इतिहास म्हणून तपासावयास घेतला तर टिकणें कठीण. परंतु ती कथा लोकांच्या मनाला कां भिडली, हा प्रश्न वेगळा आहे. जुन्या पुराणानें ज्याला पाताळांत लोटलें त्या बळीला नव्या कथेनें राजा म्हणून परत आणलें. ओवाळतांना घरोघरच्या बायका बळीचें राज्य येवो असें म्हणतच होत्या. म्हणजे फुल्यांनीं लोकांच्या तोंडचाच एक धागा उचलला आणि त्याला अर्थ दिला. ज्यानें दोन्ही प्रश्न विचारले आणि ते एकमेकांत मिसळूं दिले नाहींत, त्याचाच अभ्यास खरा.

पुरुषांच्या या वादांत स्त्रिया अजून बहुतांशीं विषयच होत्या. १८८१ मध्यें सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या एका ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फांशीची शिक्षा झाली. पुढें ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या चारित्र्यावर ताशेऱ्यांचा पाऊस पडला. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हें पुस्तक लिहिलें, आणि तें १८८२ सालीं पुण्यास छापलें गेलें. त्याची तऱ्हा खटल्यांतील उलटतपासणीची आहे. स्त्रियांवर केलेला एकेक आरोप घ्यावयाचा आणि तोच पुरुषाच्या अंगास चिकटतो कीं नाहीं तें पाहावयाचें. भाषा मात्र कोर्टाची नाहीं; ती माजघरांतली, उखाण्या-टोमण्यांची, रोजच्या भांडणांत धार चढलेली आहे. ज्या बोलीला पुरुष बायकी म्हणून हंसत, तिनेंच त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. फुल्यांनीं आपल्या ‘सत्सार’ या पत्रिकेंत तिची बाजू घेतली. पण इतरत्र पुस्तकाची वाट लागली. जवळजवळ शतकभर तें विस्मृतींत पडून होतें, आणि १९७५ मध्यें स. गं. मालशे यांनीं पुन्हा प्रकाशांत आणलें. वाणी कितीही तेजस्वी असली तरी तिच्यामागें श्रोत्यांचा समुदाय नसेल तर ती हवेंत विरते, याचें याहून दुःखद उदाहरण मिळणें कठीण. त्याच सुमारास, १८८५ मध्यें, रखमाबाईनें ‘एक हिंदु स्त्री’ या नांवाखालीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला इंग्रजींत पत्रें लिहिलीं. तिचा श्रोता इंग्रज वाचक होता. तिला तो मिळाला, तिच्या खटल्याची चर्चा विलायतेपर्यंत गेली. मात्र स्वतःचें नांव झांकूनच तिला आधीं बोलावें लागलें.

परिणामकारक भाषण म्हणजे न्याय्य भाषण, असाही समज विद्यार्थ्यानें करून घेऊं नये. १८९१ मध्यें संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहांची बारा झाली. त्या विधेयकाच्या विरुद्ध पुण्यांत झालेल्या सभा व ‘केसरी’ंतील लेख हे प्रचाराच्या दृष्टीनें अत्यंत यशस्वी होते. परकीय सरकारनें धर्मांत हात घालूं नये, ही टिळकांची भूमिका स्वाभिमानाच्या सुरांत मांडली गेली, आणि त्या सुरापुढें सुधारकांचा आवाज क्षीण ठरला. आगरकरांनीं ‘सुधारक’ पत्रांतून तर्काची बाजू लढविली. तिचें फळ म्हणून जिवंतपणीं स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. ‘आम्ही’ या शब्दाचें बळ दोन्ही पक्षांना सारखेंच मिळतें. त्या ‘आम्ही’ंत दहा वर्षांच्या मुलीला जागा होती कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून त्या वक्तृत्वाची परीक्षा पुरी होत नाहीं.

बोलण्याची आणखी एक रीत या काळांत रूढ झाली, ती अर्जाची. अर्जाची भाषा नम्र असते, आणि त्यामुळें पुढील पिढ्यांना ती कधीं कधीं लाचार वाटते. पण अर्ज लिहावयाचा तर मागण्या निश्चित कराव्या लागतात, सह्या गोळा कराव्या लागतात, आणि सह्या गोळा करावयाच्या तर माणसें एकत्र जमवावीं लागतात. १८८४ च्या सप्टेंबरांत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्याची सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, पगार वेळेवर, अपघात झाल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. १८९० मध्यें रविवारची सुटी मिळाली. लष्करांतून निवृत्त झालेले महाडजवळील रावदुळचे गोपाळबाबा वलंगकर यांनीं अस्पृश्यांना सैन्यांत पुन्हा घ्यावें म्हणून अर्ज तयार केला, आणि दुसरीकडे अस्पृश्यतेविषयीं उच्चवर्णीयांपुढें रोखठोक प्रश्नही मांडले. अर्जदार आणि प्रश्नकर्ता हे एकाच माणसाचे दोन आवाज होते. वरवर पाहतां अर्ज सरकारला उद्देशून असतो. पण ज्यानें त्यावर अंगठा उठविला त्याच्याशींही तो कांहीं बोलून जातो.

खेड्यापाड्यांत पोंचावयाचें तर अर्ज आणि वर्तमानपत्र दोन्ही अपुरीं. तेथें सत्यशोधकांनीं तमाशाचा बाज उचलला आणि त्यांतून जलसा उभा केला. ढोलकी, तुणतुणें, झील धरणारे साथीदार, हजरजबाबी सवाल-जवाब हें सगळें लोकांच्या ओळखीचें; विषय मात्र सावकाराचें व्याज, भटजीची दक्षिणा, मुलांची शाळा हे. पुढें १९३१ च्या सुमारास नाशिककडील भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनीं हाच बाज आंबेडकरी चळवळीसाठीं वापरला. विद्वानांच्या सभेंत हंसणें हा अपमान समजत. जलशांत हंसणें ही पहिली पायरी होती. ज्या सत्तेला माणूस भितो तिच्यावर चारचौघांत हंसतां येतें, हें एकदां कळलें म्हणजे पुढचें ऐकावयास मन मोकळें होतें.

या सर्व प्रवाहांचा संगम १९२७ मध्यें महाडास झाला. १९२३ मध्यें मुंबई कायदेकौन्सिलांत बोले यांचा ठराव होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते, आणि महाड नगरपालिकेनें १९२४ मध्यें त्याला अनुसरून ठरावही केला होता. म्हणजे कागदावरचा वाद संपलेला होता. तळ्यावर मात्र कोणी गेलें नव्हतें. १९ व २० मार्च १९२७ रोजीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या भाषणाचा रोख अस्पृश्य श्रोत्यांकडेच होता : मेलेल्या जनावराचें मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांवरचें जिणें सोडा, मुलांना शिकवा. दुसऱ्या दिवशीं परिषद मिरवणुकीनें चवदार तळ्यावर गेली, आणि आंबेडकरांनीं ओंजळीनें पाणी घेतलें. त्या ओंजळींत एकही शब्द नव्हता. तरी महाराष्ट्राच्या वक्तृत्वाच्या इतिहासांत तिच्या तोडीचें वाक्य शोधून सांपडावयाचें नाहीं. तिचा अर्थ सर्वांना बिनचूक कळला. ज्यांना तो रुचला नाहीं त्यांनीं, हे लोक वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी आवई उठवून, परत जाणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण केली, आणि पुढें एकशें आठ घागरी पंचगव्यानें तळें शुद्ध करून घेतलें. आंबेडकरांनीं मात्र आपल्या माणसांना हात उचलूं दिला नाहीं. त्यांत लढाईवर जाऊन आलेले शिपाई होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे तो संयम किती महाग होता तें कळतें.

डिसेंबरांत पुन्हा परिषद भरली. दरम्यान नगरपालिकेनें आपला ठराव फिरविला होता, आणि तळें खाजगी आहे असें म्हणून दिवाणी न्यायालयांतून मनाई हुकूम आणविला गेला होता. मंडपासाठीं सवर्णांनीं जागा दिली नाहीं. ती एका मुसलमान गृहस्थानें दिली. आंबेडकरांनीं आपल्या भाषणांत या परिषदेची तुलना १७८९ मध्यें व्हर्साय येथें भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेशीं केली. कोंकणांतल्या मंडपांत अंगावर धड वस्त्र नसलेल्या हजारों माणसांना तीं एक राज्यक्रांति घडविणाऱ्या सभेचीं सभासद आहेत असें सांगणें, ही कोणाला अतिशयोक्ति वाटेल. पण चळवळींतला वक्ता श्रोत्यांचें वर्णन करीत नसतो. ते काय होऊं शकतात हें त्यांना दाखवीत असतो. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचें दहन झालें. तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनीं मांडला. १८७० च्या शास्त्रीय सभेंत वचनांचा अर्थ काय एवढाच वाद होता. सत्तावन्न वर्षांनीं महाडास वचनांची सत्ताच नाकारली गेली. दोन दिवसांनीं, मनाई हुकमाचा विचार करून, सत्याग्रह मात्र तहकूब ठेवला. जमलेल्या लोकांना परत फिरावयास सांगणें हें त्यांना पुढें नेण्याइतकेंच कठीण वक्तृत्व होय. त्याच प्रसंगीं स्त्रियांपुढें बोलतांना लुगडें घोट्यापर्यंत नेसण्याचा उपदेश त्यांनीं केला, कारण जातीची ओळख अंगावरच्या वस्त्रावरही लिहिलेली होती. तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल मुंबई हायकोर्टांत १९३७ च्या मार्चमध्यें अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. ओंजळ आणि निकाल यांच्यामध्यें दहा वर्षें गेलीं.

श्रोत्याच्या प्रश्नाचें महत्त्व शेवटीं एकाच वर्षांतल्या दोन भाषणांवरून पूर्णपणें ध्यानांत येतें. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानें आपल्या वार्षिक परिषदेचें अध्यक्षपद आंबेडकरांना दिलें होतें. त्यांनीं लिहिलेलें इंग्रजी भाषण मंडळाच्या चालकांना पेललें नाहीं; काटछांटीची मागणी झाली, ती त्यांनीं नाकारली, आणि परिषदच रद्द झाली. तेव्हां १९३६ च्या मे महिन्यांत त्यांनीं तें स्वखर्चानें छापलें. पंधराशे प्रतींची ती आवृत्ति दोन महिन्यांत संपली. हें भाषण सुधारक सवर्ण हिंदूंना उद्देशून होतें : ग्रंथांचे दाखले, युरोपच्या इतिहासांतले पुरावे, प्रतिपक्षाच्या एकेका मुद्द्याचें खंडन. त्याच मे महिन्याच्या अखेरीस मुंबईस नायगांव येथें भरलेल्या महार परिषदेंत त्यांनीं धर्मांतरावर मराठींत भाषण केलें. तेथें विवेचन तितकेंच काटेकोर. पण दृष्टांत होडीच्या प्रवासाची तयारी करणाऱ्या नावाड्याचा, तपशील विहिरीचे, शाळेचे, चांगले कपडे घातल्याबद्दल खाल्लेल्या माराचे, आणि शेवट स्वतःच स्वतःचा दीप व्हा, या अर्थाच्या बुद्धवचनाचा. ज्या सभेला ऐकावयाचें होतें ती ऐकण्याआधींच मोडली. ज्या सभेला कोणी कधीं विचारलें नव्हतें ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. वीस वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरास लक्षावधि लोकांनीं त्यांच्याबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हां त्या ऐकण्याचा अर्थ सर्वांना कळला.

या अभ्यासांतून विद्यार्थ्याच्या हातीं काय येतें? प्रथम हें, कीं चळवळीच्या भाषणाचें यश त्याच दिवशीं पडलेल्या टाळ्यांवर किंवा मतांवर मोजतां येत नाहीं. त्या भाषणाला अनेकदां तयार श्रोता नसतो. तो त्याला घडवावा लागतो, आणि त्याला पिढ्या लागतात. दुसरें हें, कीं कठोर शब्द हा नेहमीं उद्दामपणाचा पुरावा नसतो; सौम्यपणें बोलून ज्याचें कोणी ऐकलें नाहीं त्याचा आवाज चढतो, आणि मग चढलेल्या आवाजाबद्दलच त्याला दोष दिला जातो. तिसरें हें, कीं भावना हेलावल्या म्हणून विधान सत्य ठरत नाहीं. फुल्यांचें पुराण आणि संमतिवयाच्या विरोधकांचा स्वाभिमान या दोहोंनाही पुराव्याची व न्यायाची कसोटी लावावीच लागते. ही कसोटी आपल्या आवडत्या पक्षाला लावणें अधिक कठीण जातें, आणि म्हणूनच ती आधीं तेथें लावावी.

एक उणीव मात्र राहून जाते. वक्त्यांचे शब्द छापून राहिले. ऐकणाऱ्यांचे राहिले नाहींत. जुन्नरच्या एखाद्या ओसरीवर ‘असूड’ ऐकून उठलेला शेतकरी घरीं जाऊन काय बोलला, महाडहून परतलेल्या बाईनें दुसऱ्या दिवशीं लुगडें नेसतांना सासूला काय सांगितलें, याची नोंद कोठल्याही दफ्तरांत नाहीं. तरीही त्या घराघरांतल्या बोलण्यांतूनच चळवळ पुढच्या पिढीपर्यंत आली. शहरांतल्या सुशिक्षित घरांत आज हीं भाषणें पुस्तकांच्या कपाटांत आहेत, आणि तीं वाचतांना त्यांतल्या धीट वाक्यांचें कौतुकही होतें. परंतु त्यांपैकीं कित्येक वाक्यें अशाच घरांना उद्देशून बोललेलीं होतीं, आणि त्या वेळीं तीं ऐकली गेलीं नाहींत. कौतुकाबरोबर तीं आतां ऐकलींही जावीं, एवढें या अभ्यासाचें मागणें आहे.